रेकॉर्ड संपली तरी

बियाण्यांच्या कंपनीत मी चाचणीचे प्लॉट बघायचो. ऑफिस नवीन जालन्यात, प्लॉट वडीगोद्रीच्या बाजूला. ऐंशीच्या दशकात कंपनीने हॉलंडचा एक शास्त्रज्ञ बोलावला होता. दोन हंगाम तो माझ्या मोटारसायकलवर मागे बसून कपाशी बघत फिरला. परत जाताना त्याने आपला रेकॉर्ड प्लेअर आणि चाळीसेक रेकॉर्डी मला देऊन टाकल्या. विमानात एवढं वजन नेऊ देत नाहीत, म्हणाला.

त्या रेकॉर्डींवर गाणी नव्हती. कुठे सॅक्सोफोन किंचाळायचा आणि ड्रमवाला आपल्याच तंद्रीत असायचा. एकीत कुणीतरी पियानोच्या आतल्या तारा नखांनी खरवडत होता. एकीत तर पूर्ण बाजूभर काचेच्या घंटांची नुसती किणकिण होती. हे जाझच्याही पलीकडचं आहे, बऱ्याच जाझवाल्यांनाही ते सोसत नाही, असं त्या शास्त्रज्ञाने मला सांगितलं होतं.

मी पहिल्यांदा रेकॉर्ड लावली तेव्हा बायको कणीक मळत होती. हात तसेच घेऊन बाहेर आली.

"हे वाजवणारे एकमेकांवर रुसलेत का ओ?"

मला हसू आलं. ती मात्र गेली नाही, दारातच टेकून पूर्ण बाजू ऐकली. ती घनसावंगीकडची, शेतकऱ्याच्या घरातली. रेडिओवरची भावगीतं तिला आवडायची. पण पुढे ती स्वतःहून म्हणायला लागली, "ते रुसलेलं लावा." रविवारी दुपारी जेवणं झाली की आम्ही दोघं चटईवर बसायचो. घरमालक खालून ओरडायचे, "मशीन बिघडलं का?" तेव्हा ती तोंडाला पदर लावून हसायची. एकदा मी तिला विचारलं, तुला यात आवडतं तरी काय?

"पुढं काय येनार ते कळत न्हाई," ती म्हणाली. "घरात तर सगळं ठरलेलंच असतंय."

मला जन्मात दुसरा श्रोता मिळाला नाही, आणि हवाही नव्हता. औरंगाबादच्या जुन्या बाजारात मी रेकॉर्डी धुंडाळत फिरायचो. हॉलंडहून वर्षाकाठी एखादं पार्सल यायचं. ते मी तिच्याशिवाय फोडत नसे.

मुलगी चार वर्षांची असताना बायकोला खोकला लागला. संध्याकाळी ताप यायचा. एक्स-रे काढला, टीबी निघाला. गोळ्या आणि रोज एक इंजेक्शन सुरू झालं. ती आत वजनकाट्यावर उभी होती तेव्हा डॉक्टर मला बाहेर येऊन म्हणाले, "या इंजेक्शनने कधीकधी कानावर परिणाम होतो. कानात आवाज यायला लागला तर लगेच सांगा." मी मान हलवली. हे फक्त मी ऐकलं. तिला सांगितलं तर ती घाबरेल, असं मला वाटलं.

पंधराएक दिवसांनी एका रविवारी रेकॉर्ड संपली, मी सुई उचलली. ती डोळे मिटून तशीच बसून होती.

"संपली तरी वाजूनच राह्यलंय," ती म्हणाली. "कानात. बारीक."

आणि मला आनंद झाला! मी तिला म्हणालो, "खरं ऐकणाऱ्याला असंच होतं." ती लाजली. त्या क्षणी मला डॉक्टरांचं बोलणं आठवलं नाही, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. पण आठवलं होतं. अंधुक का होईना, आठवलं होतं. ते मी बाजूला सारलं, कारण माझं म्हणणं मला जास्त आवडलं.

मग ती म्हणायला लागली, घंटांच्या रेकॉर्डमधली किणकिण येत नाही. मला वाटलं सुई झिजली. औरंगाबादला जाऊन नवी सुई आणली, बसवली.

"आता बराबर येतंय की," मी म्हणालो.

तिने थोडा वेळ कान दिला. "मंग माझंच ध्यान नसंल."

पुढच्या आठवड्यात मी कामावरून आलो तर स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्यांवर शिट्ट्या होत होत्या. ती हातभर अंतरावर मेथी निवडत बसली होती. उठली नाही. मी गॅस बंद केला तेव्हा तिने दचकून वर बघितलं आणि म्हणाली, "कधी आलात?"

डॉक्टरांनी इंजेक्शन लगेच बंद केलं. त्यांनी विचारलं, "आवाज कधीपासून येत होता?" मी म्हणालो, "चार-पाच दिवस." महिना होत आला होता.

टीबी बरा झाला. कान गेले ते गेलेच. वर्षभरात तिला ढगांचा गडगडाट तेवढा कळायचा.

मी प्लेअरवर कापड टाकलं. ती कधीकधी कापड काढायची. "वाजवा की. मी बसते जवळ." मला ते जमलं नाही. दोन वर्षांनी दिवाळीला ती मुलीला घेऊन माहेरी गेली तेव्हा मी सगळ्या रेकॉर्डी, प्लेअर, सगळंच औरंगाबादच्या एका संगीतशिक्षकाला देऊन आलो.

ती परत आली, पिशवी खाली ठेवली आणि रिकामं फडताळ बघितलं.

"माझं गेलं ते गेलं. तुमचं कशाला घालवलं?" आपला आवाज किती मोठा होतोय हे तिला आता कळायचं नाही. खालचे घरमालक बाहेर आले.

मी मुलीची पाटी घेतली आणि लिहिलं. डॉक्टरांनी मला आधीच सांगितलं होतं. तू सांगितलंस तेव्हा मी गप्प बसलो. नंतर त्यांच्याशी खोटं बोललो.

तिने पाटी वाचली. परत पहिल्यापासून वाचली.

"आई म्हनली, नवऱ्याच्या त्या बाजानं तुझे कान गेले," ती म्हणाली. आता आवाज अगदी खाली गेला होता. "मी तिच्याशी भांडून आले. म्हनलं, ह्यांचा बिलकुल दोष न्हाई. सनासुदीचं तिला रडवून आले मी."

मी हात जोडले. तिने ते बघितले नाहीत. पाटी उलटी करून ठेवली आणि मुलीचे कपडे पिशवीतून काढायला लागली.

त्यानंतर ती बारा वर्षं माझ्याबरोबर राहिली. स्वयंपाक, मुलीची शाळा, सणवार, सगळं केलं. माझ्या ओठांकडे बघून बोलणं ओळखायची, पण कामापुरतंच बघायची. मध्ये एकदा मी रेकॉर्डी परत मागायला औरंगाबादला त्या शिक्षकाकडे गेलो होतो. ते बदली होऊन गेले होते, कुठे ते शेजाऱ्यांना ठाऊक नव्हतं. ते मी तिला सांगितलंही नाही. एका सकाळी हृदयविकाराने ती गेली. माफ केलं की नाही, हे तिने सांगितलं नाही. विचारायची माझी हिंमत झाली नाही.

मुलगी आता पुण्यात असते. आईला इंजेक्शनची रिअ‍ॅक्शन आली, एवढंच तिला माहीत आहे. वडिलांनी आईची फार सेवा केली असं ती लोकांना सांगते, माझ्यासमोर. हे लिहून झालं की पहिल्यांदा तिलाच वाचायला देणार आहे.