पेशंट बाहेर बसलाय

गेल्या महिन्यात एका सकाळी नाना मलकपेठच्या घरून एकटेच कोठी भागात गेले आणि दाढ उपटून आले. संध्याकाळी फोनवर मला कौतुकाने सांगत होते, अजिबात दुखलं नाही म्हणून... इकडे शहराच्या दुसऱ्या टोकाला, कुकटपल्लीत, मी हातातलं काम टाकून उभी राहिले.

नाना म्हणजे माझे वडील. त्यांना मायलोमा आहे, हाडांच्या आतल्या मज्जेत होणारा रक्ताचा कॅन्सर. हे मला माहीत होतं, दादाला माहीत होतं, वहिनीला माहीत होतं. नानांना मात्र माहीत नव्हतं.

त्यांना आम्ही सांगितलं होतं, हाडं ठिसूळ झालीत, त्याची इंजेक्शनं आहेत. 'आम्ही' म्हणजे दादाने. मी पहिल्या दिवसापासून भांडत होते. पण "या वयात त्यांना धक्का द्यायचाय का तुला?" असं विचारलं की घरातले सगळे माझ्याकडेच गुन्हेगारासारखं बघायचे.

हॉस्पिटलमध्ये तर पद्धतच ठरून गेली होती. नानांचं इंजेक्शन झालं की त्यांना बाहेर खुर्चीवर बसवायचं आणि दादाने आत जाऊन डॉक्टरांशी बोलायचं. डॉक्टर विचारणार, काही नवीन त्रास? दादा सांगणार, नाही. ज्याला त्रास होतोय तो माणूस दाराबाहेर वर्तमानपत्र वाचतोय... आणि यात कुणालाच काही विचित्र वाटत नव्हतं. डॉक्टरांनाही नाही!

नवीन त्रास होता ना. नानांची हनुवटी बधिर झाली होती. खालचा ओठसुद्धा. चहा पिताना हनुवटीवरून ओघळायचा आणि त्यांना पत्ता नसायचा. घरात सगळ्यांनी ते वयावर ढकललं. नानांनी ते दातावर ढकललं. हाडांच्या डॉक्टरला तोंडाचं कशाला सांगायचं, असा त्यांचा साधा हिशोब. यात त्यांची काय चूक?

म्हणून ते कोठीतल्या त्यांच्या जुन्या डेंटिस्टकडे गेले. एक दाढ हलत होतीच. डेंटिस्टने रीतसर विचारलं, कुठला मोठा आजार? नानांनी अगदी खरं उत्तर दिलं, "नै डॉक्टर साब, हड्डियाँ जरा कमजोर हैं, बस."

आता ऐका. ही हाडांची इंजेक्शनं चालू असताना आम्हाला विचारल्याशिवाय दात काढायचा नाही, जबड्याचं हाड भरून येत नाही, असं हॉस्पिटलने सुरुवातीलाच बजावलं होतं. कुणाला? दादाला. दाढ कुणाची? नानांची.

दुसऱ्या दिवशी मी सुट्टी टाकली आणि नानांचा हात धरून त्यांना थेट आत घेऊन गेले. दादा मागून खुणा करत होता... करू दे. डॉक्टरांनी सवयीने दादाकडे बघून विचारलं, काय झालं? उत्तर नानांनी दिलं.

"साब, ये ठुड्डी और नीचे का ओंठ सुन्न होगया. चाय टपकरी तो मालूमच नै होरा."

डॉक्टरांचं लिहिणं थांबलं. त्यांनी कापसाचा बोळा घेतला, नानांना डोळे मिटायला लावले आणि हनुवटीवरून फिरवला. नाना डोळे मिटून वाट बघत होते, कधी लावताहेत याची...

स्कॅन झाला. आजार जबड्यात उतरला होता आणि हनुवटीकडे जाणारी नस दाबत होता. अशा पेशंटची हनुवटी बधिर झाली तर त्याच दिवशी आम्हाला कळवायचं असतं, डॉक्टर म्हणाले. कुणी कळवायचं हो? ज्याला आपण कशाचे पेशंट आहोत तेच ठाऊक नाही, त्याने?

नानांनी विचारलं, "कसला आजार?" दादा मान हलवून नको नको म्हणत होता. डॉक्टर दादाकडे बघत राहिले. मग मीच सांगितलं. नाव घेऊन, नानांच्या डोळ्यांत बघून.

ते कोसळले नाहीत. गाडीत बसल्यावर फक्त एक विचारलं, "आणखी कोणाकोणाला माहीत होतं, माय?"

मी सांगत गेले. पुण्याची आत्या. शेजारचे. स्वयंपाकाच्या बाई...

"खालच्या वॉचमनला बी?"

हो. वहिनीने त्याला सांगून ठेवलं होतं, नाना एकटे बाहेर पडले तर लक्ष ठेव म्हणून.

"म्हणजे मी रोज त्याच्याजवळ बसून गप्पा हाणायलो, अन् त्याला माहीत, मला नाही?" एवढं म्हणून नाना खिडकीतून बाहेर बघत राहिले. कॅन्सर ऐकून न रडलेला माणूस तेव्हा रडला.

दादाचं प्रेम खोटं नाही, म्हणूनच जास्त संताप येतो. प्रेमापोटी आम्ही एका शहाण्यासुरत्या माणसाकडून त्याचंच शरीर काढून घेतलं आणि वर त्याला 'जपणं' म्हणालो.

आता जबड्याला किरणांचा शेक चालू आहे, औषधं बदललीत. दाढेची जखम अजून भरलेली नाही. भरेल का, ते डॉक्टरही सांगत नाहीत. हनुवटीला अधूनमधून मुंग्या येतात म्हणे... तेवढ्यावरही मी देवाचे आभार मानते.

परवा नंबर पुकारला तसा दादा सवयीने उठला. नानांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं.

"तू बस हितं. मी बोलून येतो."

ते आत गेले, दार लागलं. बाहेरच्या खुर्च्यांवर या वेळी आम्ही दोघं होतो.