दोन नंबरचा बाण

आमचं गॅरेज लालबागच्या पुलाजवळ एका गल्लीत. बाबा इंजिन बांधायचे आणि मी दहा वर्षांची असल्यापासून त्यांना बॅटरीचा उजेड धरायचे. पिस्टनच्या डोक्यावरचा बाण इंजिनच्या पुढच्या बाजूला हवा. उलटा बसला तरी इंजिन चालतं, पण काही दिवसांनी आतून ठकठक आवाज करायला लागतं. एका पिस्टनखालच्या कनेक्टिंग रॉडची कॅप दुसऱ्याच्या रॉडला लावायची नाही. हे सगळं मला पाढ्यांसारखं पाठ. पिस्टनला हात मात्र बाबांनी कधी लावू दिला नाही. मीही मागितलं नाही, आपोआप मिळेल असं वाटायचं.

मग धाकट्या भावाचं लग्न झालं. भावजय मेकॅनिकलचा डिप्लोमा घेऊन आलेली. आठवड्याभरात तिनं सरळ विचारलं, "बाबा, पुढचं इंजिन मी बांधू?" बाबा हो म्हणाले. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन तोंडावर होतं, म्हणून वर हेही म्हणाले की हे नीट झालं तर यापुढे इंजिनं तिची. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मंडपवाल्याच्या टेम्पोचं इंजिन होतं. ती पिस्टन बसवत होती, मी बॅटरी धरून उभी. हात तिचा चांगला होता, तेच तर बघवत नव्हतं. रिंगांवर पट्टा आवळून, हातोडीच्या लाकडी दांड्यानं ती पिस्टन अलगद आत सारायची. दुसऱ्याच्या वेळी बाण मागे गेलेला मला दिसला. मी बोलले नाही. बॅटरी जराशी बाजूला केली.

खालून कॅपा आवळून झाल्या. वरून हेडचं झाकण चढवण्याआधी बाबा नेहमी एकेका पिस्टनवरून बोट फिरवतात. दुसऱ्यावर बोट थांबलं.

"दोनचो उलटो आसा," ते म्हणाले. मग बोट तिथंच ठेवून, "बॅटरी कोणाकडे होती?"



"ताईंकडे. पण मीच त्यांना बाजूला धरा म्हटलं, डोळ्यांवर येत होती," भावजय म्हणाली. माझ्याकडे न बघता तिनं पाना उचलला आणि दोनची कॅप सोडवायला घेतली. बॅटरी हलली ते तिनंही पाहिलं होतं. का हलली, ते आता तिला कळलं होतं.

इंजिनं आता तीच बांधते, बॅटरी मी धरते. तिचा हात चांगला होता, ते मी एक वेळ सोसलं असतं. मनही चांगलं निघालं, ते अजून सोसत नाही.