चिंचेनं घासलेला फोटो

मी मामंजींचं तोंड चिंचेनं घासून पुसून टाकलं. म्हणजे त्यांच्या फोटोतलं. आता ही अक्कल मला कुणी शिकवली, असं विचाराल, तर कुणीच नाही. अशी अक्कल मला त्या वयात आपोआप सुचायची.

मामंजींना जाऊन वर्ष होत आलं होतं. त्यांचा उभ्या जन्मात एकच फोटो. पोखर्णीच्या नरसिंहाला थोरल्या नातवाचं जावळ काढलं, तेव्हा मानवतच्या स्टुडिओवाल्यांनी देवळाबाहेर सगळ्यांना उभं करून काढलेला. मामंजी फेटा बांधून मधोमध, शेजारी माझ्या सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, हातात प्रसादाच्या पेढ्यांचा पुडा धरून. फेटा पांढराफेक आणि त्याच्याखाली मामंजींचं तोंड काळंमिट्ट. आत्याबाई रोज त्या फोटोला फूल वाहायच्या आणि म्हणायच्या, "डोळे काही दिसत न्हाईत गं. आता तर मलाबी नीट आठवंना गेले."

वर्षश्राद्धाच्या आधी त्या चार दिवस लेकीकडे जिंतूरला गेल्या. मी म्हटलं, चुलीच्या धुरानं काळवंडलाय फोटो, लख्ख करून ठेवू. घरातले पितळेचे देव मी चिंच-मीठ लावून सोन्यासारखे करायची. तोच हात इथं चालवला. दोनदा घासलं, तर तोंड कुठंच नाही! फेटा शाबूत, सदरा शाबूत, मधे पांढरा डाग.

दुसऱ्या दिवशी सकाळचीच मानवतची एसटी धरली. विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनाचे दिवस, गाड्या कधी बंद होतील नेम नसायचा. स्टुडिओवाल्यांनी फोटो हातात घेतला, हुंगला आणि माझ्याकडं बघितलं.

"वैनी, चिंच?"

"थोडीशीच."

"मीठ बी टाकलं असंल."

ते हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. खोबरेल तेलाच्या जुन्या डब्यातून त्यांनी कागदाची पाकिटं काढली. एकावर लिहिलं होतं, 'पोखर्णी, फेटा, जावळ'. आत निगेटिव्ह!

त्यांची बायको आत औषधांचे ट्रे हलवायला होती, म्हणून मलाही अंधाऱ्या खोलीत उभं राहू दिलं. लाल दिवा, औषधांचा आंबूस वास. वरच्या यंत्रातून कागदावर उजेड पडला, तसं त्यांनी एक तार पुढं केली. तारेच्या टोकाला पुठ्ठ्याची टिकली, रुपयाएवढी. ती त्यांनी मामंजींच्या तोंडावर धरली आणि हलवत राहिले, हळूहळू, झोपलेल्या लेकरावरची माशी हाकल्यासारखी.

"जिथं उजेड अडवला, तिथं फोटो उजळ होतो," ते म्हणाले. "आन् हात थांबला की गोल उमटतो."

पहिल्या कागदावर उमटलाच. मामंजींच्या तोंडाभोवती कॅलेंडरातल्या देवासारखं वलय. मला तेच लय आवडलं! त्यांनी तो कागद फाडला. दुसऱ्या वेळी टिकली आणखी वर धरली. मग भोक पाडलेला पुठ्ठा घेऊन, घड्या उठून दिसाव्यात म्हणून, नुसत्या फेट्याला जास्तीचा उजेड पाजला. कागद ट्रेमध्ये गेला. आधी फेट्याच्या घड्या आल्या, मग कपाळ, मग डोळे. बाकी माणसं जशीच्या तशी. नुसत्या हातानं एवढं करणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

माझी जीभ गप्प बसेल तर ना! "आता सुरकुत्या बी घालवा की."

"सबूर, वैनी. सावली माझी चूक, मी त्यांना भर बारा वाजता उभं केलं. सुरकुत्या त्यांच्या हायेत."

परवा नातीनं मोबाईलमध्ये माझ्या तोंडाभोवती बोट फिरवलं आणि तेवढंच उजळलं. म्हणाली, "आज्जी, आहे का नाही जादू?" आहे बाई. तिचंही बोट हलकं आहे. पण मला त्या बोटामागं ती टिकली दिसत होती.

तर तेव्हा आत्याबाई जिंतूरहून आल्या. मी चिंचेपासून सगळं सांगून टाकलं आणि फोटो पुढं धरला. त्या दारातल्या उजेडात जाऊन उभ्या राहिल्या. हा माणूस त्यांना परका वाटला तर काय, म्हणून माझा जीव टांगणीला. मामंजींची नजर सरळ नव्हती, जरा तिरकी, आत्याबाईंच्या बाजूला वळलेली. ते धरून मीच म्हटलं, "बघा ना आत्याबाई, मामंजी तुमच्याकडंच बघायलेत."

त्यांनी फोटो डोळ्यांजवळ नेला, पदरानं डोळे पुसले आणि म्हणाल्या, "माझ्याकडं कुठलं आलंय गं, हातातल्या पेढ्याच्या पुड्याकडं बघायलेत! तेच हायेत हे, दुसरं कुणी न्हाई."