भाऊजींचा होकार

मुंबईच्या उपनगरांत विकायला निघालेली अशी एकही जुनी गाडी नसेल, जी आमच्या भाऊजींनी नापसंत केलेली नाही. मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत जिथे जिथे एखाद्या काचेवर ‘विकणे आहे’ची चिठ्ठी लागली, तिथे तिथे भाऊजी जाऊन, गाडीभोवती एक चक्कर मारून, नाक मुरडून परत आलेले आहेत. भाऊजी म्हणजे माझे थोरले दीर. बँकेतून निवृत्त झाले, मुलुंडला एकटेच राहतात. स्वतःची गाडी नाही, कधी नव्हती. ड्रायव्हिंग लायसन्स मात्र तरुणपणापासून आहे. मुदत संपायच्या आत ते न चुकता नवं करून आणतात आणि खिशात घालून बसने हिंडतात. कुणी विचारलंच, तर म्हणतात, “या शहरात गाडी चालवायला मी काय वेडा आहे?” तरीही आमच्या घराण्यात, म्हणजे गिरणीत नोकरीला म्हणून मालवणाकडून आलेल्या आजेसासऱ्यांपासून आजवर जो काही गोतावळा वाढलाय त्यात, कुणाला जुनी गाडी घ्यायची झाली की पहिला फोन भाऊजींना जातो. का जातो, हा प्रश्न मला बरीच वर्षं पडला नव्हता.

तो पडायची वेळ आली ती माझ्या पाठीमुळे. मी विलेपार्ल्याच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते आणि राहते नाहूरला. लग्न झाल्यापासून ही ये-जा मी तक्रार न करता केली, पण गेल्या वर्षी मणक्यातली एक चकती रुसली आणि मी अंथरुणाला खिळले. बरी झाले तेव्हा डॉक्टरांनी तीन गोष्टी बंद केल्या: उभ्याने प्रवास, रिक्षाचे धक्के आणि क्लच दाबणं. रजा संपत आली होती. प्राचार्यबाई चांगल्या आहेत, पण त्यांचाही नाइलाज होता. म्हणाल्या, “मेघना, जूनमध्ये कॉलेज उघडेल तेव्हा तुम्ही वर्गात दिसा. नाहीतर मला दुसरी व्यवस्था करावी लागेल.” ‘दुसरी व्यवस्था’ हे दोन शब्द मी घरी घेऊन आले आणि रात्रभर कूस बदलत राहिले. प्रयोगशाळेचा तो आंबट वास, परीक्षानळी हातात धरून ‘मॅडम, हा रंग बरोबर आहे का?’ विचारणारी मुलं, हे सगळं कुणा दुसरीचं होणार या कल्पनेने मला पाठीपेक्षा जास्त दुखलं.

तेव्हा गाडी हवी होती, आणि आमच्या खिशाला झेपेल अशी म्हणजे जुनीच. ती छोटी असावी, ऑटोमॅटिक असावी, पेट्रोल बेताने पिणारी असावी आणि तिची सीट पाठीला मानवावी. एवढ्यावर मी थांबले असते तर बरं झालं असतं, पण मी म्हटलं, चालवताना मजाही आली पाहिजे. माझा नवरा संजय म्हणाला, “अगं, रोजच्या जाण्यायेण्याला मजा कसली? सिल्व्हर रंगाची घे, विकताना बरी पडते.” भाऊजी तेव्हा आमच्याकडे पोहे खात होते. त्यांनी चमचा खाली ठेवला. “संज्या, घ्यायच्या आधीच विकायचं काय बोलतोस? पवईच्या सिग्नलला रोज ताटकळणार ती. बसल्या जागी बरं वाटेल अशी गाडी नको तिला?” इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच माझ्या बाजूने कुणीतरी बोललं होतं. मी त्यांना आणखी पोहे वाढले, आणि मोहीम सुरू झाली.

भाऊजींची गाडी बघण्याची रीत जगावेगळी आहे. ते आधी गाडी बघतच नाहीत, विकणाऱ्याच्या दारात जाऊन चपला बघतात. चपला स्टँडवर जोडीने लावलेल्या असल्या तरच पुढचं बोलणं. एक इकडे, एक जिन्यात अशा दिसल्या, की दारावरची बेल न वाजवताच मागे फिरतात. “जो चप्पल सांभाळत नाही तो इंजिनात ऑइल काय घालणार?” चपला पास झाल्या की सीटचे पट्टे. पट्टा पार शेवटपर्यंत ओढून काढायचा आणि टोकाशी चिखलाची रेघ आहे का ते बघायचं, कारण गाडी पावसाच्या पाण्यात बुडलेली असली तर बाकी सगळं धुता येतं, तेवढं टोक राहून जातं. मग पिशवीतून स्टीलचा पेला निघतो, त्यात काठोकाठ पाणी, आणि तो इंजिन चालू असताना बॉनेटवर ठेवायचा. पाणी हिंदकळलं की भाऊजी मान हलवतात. ती मान मी इतक्यांदा पाहिली, की स्वप्नातही ती हलताना दिसायची.

पण त्यांचं खरं अस्त्र म्हणजे मौन. सगळं झालं की भाऊजी इंजिन बंद करायला लावतात, विकणाऱ्याला शेजारी बसवतात आणि समोरच्या काचेतून बाहेर बघत गप्प बसतात. एक अक्षर बोलत नाहीत. आधी माणूस हसतो, मग मायलेज सांगतो, मग घाम पुसतो, आणि शेवटी कबूल होतो. बोरिवलीतला एक तरुण मुलगा, पांढरीशुभ्र गाडी, पट्टेसुद्धा नवे कोरे. थोड्या वेळाने तो कळवळून म्हणाला, “काका, एकदाच पाण्यात होती, गुडघाभर. आतलं सगळं बदललंय, पट्टेपण.” अंधेरीतले एक गृहस्थ तर म्हणाले, “गाडी झकास आहे हो, फक्त मी ती मिसेसला न सांगता विकतोय.” भाऊजी हळूच उतरले, दार अलगद लावलं आणि म्हणाले, “आधी घरी सांगा. मग आम्ही येऊ.” परतीच्या बसमध्ये मी इतकी हसले की पाठीत कळ आली.

पुढे पुढे मात्र हसू आटलं. कारण ज्या गाड्यांमध्ये काहीही खोट नव्हती, त्याही नापास व्हायला लागल्या. एकीचा हॉर्न रडका निघाला. एक नवी मुंबईतली होती, तर “तिला मोकळ्या रस्त्याची सवय, आपल्याकडे जीव रमणार नाही तिचा.” एक माझ्या मनात भरली होती, पण मालकाने डॅशबोर्डवरचा गणपती अजून काढला नव्हता. “देवाला जो गाडीबरोबर विकतो, तो आपल्याला काय सोडणार?” मे महिना सरत आला. मी मनातून हादरले. मग बोरिवलीच्या आतेनणंदेला, नंदाताईंना, फोन केला. म्हटलं, तुमची गाडी भाऊजींनीच निवडली होती ना, तेव्हा त्यांना किती दिवस लागले? नंदाताई आधी हसल्या, मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “अगं, दादाने कुठली निवडली? त्याने नको म्हटलेलीच आम्ही घेतली. त्याला सांगितलं, ही वेगळी आहे.” मी आणखी दोघांना फोन केले. तेच उत्तर. आमच्या अख्ख्या गोतावळ्यात भाऊजींनी पसंत केलेली गाडी एकही नव्हती. लोक त्यांना नेत, त्यांनी काढलेल्या खोडी भाव पाडायला वापरत, आणि मग गुपचूप तीच गाडी घरी आणत. मला तसं करवेना. ज्या माणसाने माझी बाजू घ्यायला पोह्यांचा चमचा खाली ठेवला होता, त्याला फसवून मी गाडी आणली असती तर तिच्यात मजा काय राहिली असती? पण दुसरीकडे कॉलेज उघडायला आठवडासुद्धा उरला नव्हता.

शेवटची गाडी घाटकोपरला, पंतनगरात होती. मालकीणबाई शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. मोतीबिंदूनंतर चालवणं सोडलं, म्हणून विकायची. माझ्या पाठीचं आणि कॉलेजचं सगळं मी त्यांना फोनवरच सांगून टाकलं होतं. दारातल्या चपला पट्टी लावून ठेवल्यासारख्या सरळ. पट्टे स्वच्छ. पेल्यातलं पाणी जागचं हललं नाही. गाडी लिंबाच्या रंगाची, एवढीशी, आणि मी ती चालवायला घेतली तेव्हा पहिल्याच वळणावर मला कळलं की हीच. पाय टेकवावा की पुढे उडी घ्यायची, चिंचोळ्या गल्लीतून सुळकन निघायची, आणि सीट मला पाठीमागून धरून ठेवायची, नेमकी दुखऱ्या जागी. कित्येक महिन्यांत मी पहिल्यांदा स्वतःशीच गाणं म्हणत होते. परत आले ती घाबरूनच. आता मान हलणार.

भाऊजी पुढे बसले, बाई त्यांच्या शेजारी ड्रायव्हरच्या जागेवर, मी मागे. इंजिन बंद. मौन सुरू. पण बाईंनी उभ्या आयुष्यात किती पोरांना समोर उभं करून असं गप्प राहून बोलतं केलं असेल, याचा भाऊजींना अंदाज नव्हता. त्या मांडीवर हात ठेवून शांत बसून राहिल्या. मायलेज नाही, हसणं नाही. भाऊजींनी घसा खाकरला. आरसा हलवला. पुढचा कप्पा उघडून बंद केला. अखेर तेच बोलले, आणि ते फार गडबडले की मालवणीवर येतात. “बाय, गाडयेत खोट काय नाय. माका हो म्हणूक जमना नाय.”

भाऊजी समोर बघतच पुढे म्हणाले, “नको म्हटलेली गाडी कुठे बंद पडली, ते कोण सांगायला येत नाही. हो म्हटलेली बंद पडली की माझ्याच नावाने. आणि ही रोज चालवणार, पाठ अशी असताना. मी हो म्हटलं आणि भर रस्त्यात हिला काही झालं, तर मी काय तोंड दाखवू?”

“आणि तुम्ही नाही म्हणालात आणि हिची नोकरी गेली,” बाई शांतपणे म्हणाल्या, “तर ते कुणाच्या नावाने?”

भाऊजींनी समोरच्या काचेवरची नजर काढली. मग ते मागे वळले. “मेघना, तुला आवडली?”

“खूप आवडली, भाऊजी.”

“सीट?”

“हवी तिथेच टेकते.”

“मग घेऊया,” ते म्हणाले, आणि रुमालाने चेहरा पुसला. मी मागच्या सीटवर चक्क रडले. छातीवरचं ओझं उतरतं म्हणजे काय होतं, ते मला तेव्हा समजलं.

जूनमध्ये कॉलेज उघडलं तेव्हा मी वर्गात होते. प्राचार्यबाईंनी दारातून डोकावून नुसती मान डोलावली. गाडी अजून एकदाही बंद पडलेली नाही, पण भाऊजींचा जीव टांगणीलाच असतो. रोज संध्याकाळी मी घरी आले की त्यांचा फोन येतो. “गाडी काय म्हणते?” “बरी आहे.” “सीट?” “बरी आहे.” “मग ठीक.” आमच्या घरात थोरला दीर धाकट्या भावजयीला तिच्या दुखण्याखुपण्याबद्दल तोंडावर विचारत नाही. मी आजारी असतानाही भाऊजी खोलीच्या उंबऱ्यापाशी उभे राहून संजयलाच विचारायचे. त्यामुळे ते सीटची चौकशी करतात आणि मी सीटबद्दल खरं तेच सांगते. एकदा म्हटलं, आज जरा कडक वाटली. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात येऊन त्यांनी शेकायची रबरी पिशवी संजयच्या हातात दिली आणि चहासुद्धा न घेता गेले.

हल्ली त्यांना गाडी बघायला फारसं कुणी बोलवत नाही. लोक मोबाइलवरच गाडी पसंत करतात. त्यांचा आवाज थोडा थकलेला वाटतो, आणि एखाद्या संध्याकाळी फोन यायला उशीर झाला की मला घरात काही सुचत नाही. तब्येत कशी आहे, हे मलाही त्यांना थेट विचारता येत नाही. मग मीच फोन करते आणि म्हणते, “भाऊजी, टायरमध्ये हवा किती ठेवू हो?” ते सविस्तर सांगायला लागतात, आणि ते सांगत असतात तोवर मी त्यांचा श्वास नीट चाललाय ना, एवढंच ऐकत राहते.