तिघांना वेगळं बसवायचं

डोंगरात हरवलेली माणसं सापडल्यावर पहिलं काय बोलतात, ते मला विचारा. "पाणी" म्हणणारे थोडे. आभार मानणारे त्याहून थोडे. बहुतेकांचं पहिलं वाक्य असतं, "पण तिथे पाटीच नव्हती हो!" सोळा तास कपारीत अडकून पडलेल्या एकाने तर आमच्या ब्लँकेटला वास येतो म्हणून नाक मुरडलं होतं. वास येणारच. त्याच्याआधी ज्याला त्यात गुंडाळून आणलं तो त्यातच ओकला होता, आणि ते धुवायला मीच बसले होते.

नऊ वर्षं मी डोंगराच्या पायथ्याशी, शोधपथकाच्या पत्र्याच्या खोलीत बिनपगारी काम केलं. चहा, ब्लँकेटं, नोंदवही, वॉकीटॉकी. मला तिथे नेलं माझ्या दिरांनी, आणि हे लिहितेय तेही त्यांच्याबद्दल. त्यांच्याबद्दल खरं लिहायचं तर मधे मी येतेच. त्याला माझा इलाज नाही.

भाऊजी चष्म्याच्या काचा घासतात. दुकान दोघा भावांचं. पुढे काउंटरवर आमचे हे, गोड बोलायला. मागच्या खोलीत भाऊजी, कारण त्यांना पुढे बसवलं तर महिनाभरात गिऱ्हाईक फिरकायचं बंद होईल. दुकानाच्या वर आम्ही राहतो. भाऊजींनी लग्न केलं नाही. कुणी विषय काढला की म्हणतात, "दिवसभर दुकानात खोटं ऐकतो, ते पुरे आहे."

डोळे तपासताना कोण खोटं बोलेल, असं मला वाटायचं. पण बोलतात! नंबर वाढला असं निघू नये म्हणून माणसं बाहेर बाकावर बसून दारातून तक्ता बघतात, अक्षरं पाठ करतात आणि खुर्चीत बसून घडाघडा म्हणून दाखवतात. भाऊजींनी त्यासाठी दुसरा तक्ता करून ठेवलाय. पाठ करून आलेला माणूस त्याच्यासमोर उताणा पडला की ते म्हणतात, "डोळे तुमचे, फसवताय कुणाला?" आणि मग दिवसभर त्यांचं तोंड कडू. गिऱ्हाइकाने पुसलेल्या रुमालाला हात लावत नाहीत, नाकावरच्या घामाने हिरव्या पडलेल्या फ्रेमा चिमट्याने उचलतात. माणसांची त्यांना मनापासून किळस आहे. हे मी कौतुकाने सांगत नाही, आहे ते सांगतेय.

सख्ख्या भावाने लिहून दिलेला नंबरही ते पुन्हा तपासल्याशिवाय काच कापत नाहीत. फक्त माझ्या हातची चिठ्ठी आली की सरळ काच चाकावर धरतात. मी या घरात आले तेव्हापासून असंच. एकदा यांनी चिडून विचारलं, "मी काय परका आहे का?" तर म्हणाले, "तू माझा भाऊ आहेस. वहिनी चुकत नाहीत."

असल्या माणसाने लोकांना वाचवायला डोंगरात कशाला जावं? मी एकदा विचारलंही होतं. काच उजेडात धरून म्हणाले, "मला आवडत नाहीत म्हणून ती वर मरावीत, असं थोडंच आहे?"

पंधरा वर्षं ते दोर घेऊन वर जायचे. मग एका पोराला पाठीवर घेऊन उतरताना घसरले आणि गुडघा कामातून गेला. त्या पोराच्या बापाने पथकाला पत्र लिहिलं की मुलाचा मोबाइल फुटला, भरपाई कोण देणार. तेव्हापासून भाऊजी खालीच बसतात आणि त्यांनी एकच काम धरलंय. हरवलेल्याबरोबर गेलेली आणि परत आलेली जी माणसं असतात, त्यांची चौकशी.

कारण शोध सुरू होतो तो, शेवटचं कुठे पाहिलं, या एका जागेपासून. ती चुकली की पुढे वीस माणसं आणि दोन कुत्री दिवसभर फुकट हिंडतात. आणि परत आलेले लोक ती जागा हमखास चुकीची सांगतात. कुणी प्यायलेला असतो, कुणी भांडून पुढे निघून गेलेला असतो, कुणी बंद वाटेने गेलेला असतो. माणूस वर मरतोय, आणि खाली यांना आपली अब्रू सांभाळायचीय! एका बाईने नवऱ्याला शेवटचं कुठे पाहिलं ते सांगायच्या आधी तीन वेळा सांगितलं होतं की यात तिचा काही दोष नाही.

म्हणून भाऊजींचा नियम होता, परत आलेल्यांना एकत्र बसू द्यायचं नाही. एक बाहेर बाकावर, एक सामानाच्या खोलीत, एक गाडीत. चहा द्यायचा, तोही ज्याच्या त्याच्या जागी. "वेगवेगळं बसून तिघांनी एकच जागा सांगितली तर डोळे मिटून तिकडे माणसं पाठवा," ते म्हणायचे. "एकत्र बसून सांगितली तर तिला काडीचीही किंमत नाही." पथकात येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला हे आधी शिकवायचं, मग गाठी मारायला.

त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला तिघं आले. चौथे वर राहिले होते, शाळेत गणित शिकवणारे सर. तिघांमधला एक सरांचा साडू, कुठल्याशा कंपनीत साहेब, अंगावर कोरं करकरीत जॅकेट, किमतीची चिठ्ठीही काढली नसावी. दुसरा त्याचा मित्र, आणि तिसरी त्या मित्राची बायको. बारीक पाऊस लागला होता, वारं बोचत होतं. त्या बाईचे दात वाजत होते, ओठ निळे पडले होते. भाऊजी दुकानातून निघाले होते, त्यांना यायला अर्धा तास लागणार होता. पथकाचा कप्तान वरच्या मैदानावर माणसं जमवत होता. खोलीवर मी एकटीच.

हीटर एकच, आतल्या खोलीत. मी बाईला आत नेलं. मग ते दोघंही भिजलेले, दारात कुडकुडत उभे. मी म्हटलं, या. तिघांना हीटरभोवती बसवलं, ब्लँकेटं दिली, चहा दिला आणि ऊब जाऊ नये म्हणून दार लोटून घेतलं. वीस मिनिटं. दाराआडून कुजबुज येत होती. ती मला ऐकू येत होती आणि मी कप विसळत होते.

मग भाऊजींच्या मोटरसायकलचा आवाज आला. मी काय केलं असेल? तिघांना उठवलं. बाईला सामानाच्या खोलीत, मित्राला गाडीत, साहेबाला बाकावर. "लवकर, लवकर," असं म्हणत. म्हणजे काय लपवायचं होतं ते मला चांगलंच कळत होतं. पोटचं पोर धडपडलं तर बाई जशी धावते तशी मी माझी लाज झाकायला धावले.

भाऊजी आत आले, हेल्मेट काढता काढता म्हणाले, "वेगवेगळे होते ना वहिनी?"

"हो," मी म्हणाले.

एवढंच. कारण काय, तर पथकात माझी चूक कधी कुणी काढली नव्हती. नव्या पोरींना नियम मीच शिकवत होते. पाठीवर पथकाचं नाव असलेलं ते केशरी जॅकेट घालून बाजारातून जाताना मला बरं वाटायचं. एवढ्यासाठी. याहून मोठं कारण असतं तर मला आज लिहायला बरं गेलं असतं.

भाऊजींनी तिघांना एकेक करून गाठलं. तिघांनीही सांगितलं की उत्तरेच्या खिंडीपाशी सर म्हणाले, तुम्ही व्हा पुढे, मी फोटो काढून येतो. तिघांनी तीच खिंड सांगितली, तोच वाकडा खांब, तीच वेळ. भाऊजी नकाशावर टिचकी मारून वॉकीटॉकीवर कप्तानाला म्हणाले, "खात्रीची जागा आहे. सगळे तिकडे." आणि वीस माणसं उत्तरेला गेली.

एकच्या सुमाराला सरांची बायको आली. कोरड्या कपड्यांची पिशवी मांडीवर घेऊन बाकावर बसली. शेजारी साडू. तिच्या खांद्यावर थोपटत म्हणत होता, "धीर धर. पथकाची माणसं तरबेज आहेत, बघ आणतील." मधेच फोनवर कुणाला तरी संध्याकाळची बैठक पुढे ढकलायला सांगत होता.

दोन वाजता कप्तान वॉकीटॉकीवर आला. "खिंडीत काही नाही. पायाचा ठसासुद्धा नाही."

"पुन्हा बघा," भाऊजी म्हणाले. "तिघांनी वेगवेगळं सांगितलंय. जागा चुकणार नाही."

अडीचला पुन्हा तेच. भाऊजी पुन्हा तेच बोलले, या खेपेला जरा आवाज चढवून. कप्तानाला शंका येत होती, आणि भाऊजी त्याच्याशी भांडत होते ते माझ्या एका "हो"वर. मी मूग गिळून स्टोव्हपाशी उभी. सरांच्या बायकोला चहा द्यायला गेले आणि तिला म्हणाले, "काळजी करू नका हं, सगळं नीट होईल." बोलले आणि माझे मलाच कान बंद करावेसे वाटले. साडूचा आणि माझा सूर अगदी एक होता. तोच ओलावा, तेच हं. मागे मोरीत जाऊन मी ओकले.

तोंड धुऊन आले आणि भाऊजींना कोपऱ्यात घेतलं. "भाऊजी, ते तिघं एकत्र होते. हीटरपाशी. वीस मिनिटं. मी खोटं बोलले."

मला वाटलं ओरडतील. त्यांनी घड्याळ पाहिलं. तीनला पाच मिनिटं कमी होती. मग लंगडत सामानाच्या खोलीत गेले आणि त्या मित्राच्या बायकोपुढे खोक्यावर बसले. आतून त्यांचा आवाज आला नाही, तिच्या रडण्याचा आला. चार मिनिटांत बाहेर येऊन त्यांनी वॉकीटॉकी उचलला. "खाणीची बंद वाट. तारेच्या कुंपणापलीकडे, दक्षिणेला. सगळे परत फिरा."

झालं होतं ते असं. जवळची वाट म्हणून चौघं कुंपण ओलांडून बंद खाणीकडून चढले. नऊच्या सुमाराला सरांचा पाय मुरगळला. "बसा इथे, येताना नेतो," म्हणून तिघं माथ्यावर गेले, फोटो काढले आणि येताना सोपी वाट दिसली तिने उतरले. सर आपले आपण उतरले असतील, असं म्हणे वाटलं. बंद वाटेचं कळलं तर पोलीस येतील आणि साहेबाच्या कंपनीत बभ्रा होईल, म्हणून हीटरपाशी खिंड ठरली. वाकडा खांब साहेबाने सुचवला. पक्कं वाटावं म्हणून!

पावणेपाचला सर सापडले. एकट्याने उतरायचा प्रयत्न करताना दरड सुटली होती आणि उजवा पाय गुडघ्याखाली धोंड्यात अडकला होता. जिवंत होते, शुद्धीवर होते. दुपारभर पलीकडच्या धारेवरून आमच्या माणसांच्या शिट्ट्या त्यांना ऐकू येत होत्या आणि ते ओरडत होते. वारा उलटा होता.

पाय गेला. डॉक्टर कप्तानाला म्हणाले, दुपारी एकपर्यंत हातात आला असता तर वाचवला असता.

आठ दिवसांनी मी आणि भाऊजी इस्पितळात भेटायला गेलो. साडू आधीच येऊन फळांची टोपली ठेवून गेला होता. सर उशीला टेकून बसले होते, आम्हाला बघून हसले. "सहा तास चाळीस मिनिटं," म्हणाले. "धोंडा पडल्यापासून मी मोजत होतो. दुसरा उद्योग नव्हता."

सरांच्या बायकोने माझे दोन्ही हात धरले. "मला पथकातल्या मुलांनी सांगितलं. तुम्ही तुमच्या दिरांच्या कानात काहीतरी बोललात आणि मग खरं बाहेर आलं. तुमचं लक्ष होतं म्हणून हे वाचले हो." तिचे डोळे भरून आले. सरांनी पलंगावरून मला हात जोडले.

भाऊजी खिडकीपाशी उभे होते. माझ्याकडे बघत नव्हते, पण थांबले होते, माझ्यासाठी थांबले होते, हे मला कळत होतं. कुणी घाई केली नाही. नर्स येऊन सलाईन बघून गेली, तेवढा वेळ होता.

"अहो, त्यात काय," मी म्हणाले.

जिना उतरताना भाऊजी पुढे आणि मी मागे. पथकाच्या अहवालात त्यांनी लिहिलं की चौकशीत चूक झाली आणि ती त्यांची स्वतःची. कप्तान भांडला, तरी त्यांनी एक अक्षर बदललं नाही. घरात यांना आजही काही माहीत नाही. मी पथक सोडलं. कंबर दुखते असं कारण दिलं, तेही खोटंच.

भाऊजी बदललेत असं बघणाऱ्याला वाटणार नाही. मला वहिनीच म्हणतात, वाढलेलं मुकाट जेवतात, कधी टोचून बोलत नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. मी त्यांना रोज बघते आणि मला माझीच शिसारी येते.

काल संध्याकाळी जेवायला बसताना म्हणाले, "दुकानाला कुलूप लावलंत ना वहिनी?"

"हो," मी म्हणाले.

"बरं," म्हणाले. आणि उठले, पायांत चप्पल सरकवली, कठड्याला धरून तो गुडघा सांभाळत एकेक पायरी खाली उतरले. मी ताट घेऊन उभी होते. खालून कुलूप दोनदा ओढून बघितल्याचा आवाज आला. ते लावलेलंच होतं.