गालावरचा नकाशा

जेवताना, दाढी करताना, नुसतं वारं लागलं तरी माझ्या उजव्या गालात शॉक बसायचा. हिंगोलीच्या डॉक्टरांनी समजावून सांगायला माझ्याच चेहऱ्यावर बॉलपेननं रेघा ओढल्या. नस एक, फांद्या तीन: कपाळाची, गालाची, जबड्याची. गालाची रेघ ओढताना मी खुर्चीतून उठलो, तेव्हा त्यांचं निदान पक्कं झालं. गोळ्या मिळाल्या.

तोंडाला पाणी लावायची सोय नव्हती, म्हणून चार दिवस हिंगोलीजवळच्या आमच्या गोरेगावात तो नकाशा घेऊन फिरलो. जीपवाल्यानं विचारलं, "तोंडावर काहून गोंदून घेतलं?" मी नुसती मान हलवली, कारण बोलायलाही दुखायचं.

पाचव्या दिवशी बायकोनं न विचारता ओल्या पदरानं माझा गाल पुसला. ओरडायला मी तोंड उघडलं, पण दुखलंच नाही. तोंड उघडलंच होतं, म्हणून चहा मागितला.