पिशवी काढल्यानंतर

काही माणसांकडे खडे साठतात, काहींकडे किस्से. माझ्या पित्ताशयात खडे साठत होते. गेल्या वर्षी डॉक्टरांनी पित्ताशयच काढून टाकलं, पण साठवायची सवय कुठे जाणार? मग किस्से साठायला लागले. अलिबागजवळच्या आमच्या शाळेची स्टाफरूम आणि आमचं घर, एवढंच वर्तुळ. तरी माल भरपूर!

सुरुवात एका शब्दाने झाली, आणि तो मीच वापरला. मराठीची शिक्षिका असून!

रजा संपवून शाळेत गेले, तर दारातच कमळामावशी. आमच्या शाळेच्या शिपाई, राहणार थळ. "बाई, कसला आपरेशन झाला?" 'पित्ताशय' त्यांना कळणार नाही असं मी परस्पर ठरवलं आणि म्हटलं, "पिशवी काढली, मावशी."

त्यांनी तोंडावर हात ठेवला. "अगो बाय! एवढ्या ल्हान वयान?"

मला वाटलं, खड्यांना वयाची काही अट असेल. म्हटलं, "हो ना. फार त्रास देत होती."

मधल्या सुट्टीपर्यंत अख्खी शाळा माझ्याशी हळू आवाजात बोलायला लागली. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, बोलावून घेतलं. पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "एक मुलगी आहे ना पदरात? झालं तर मग."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. "बाई, पित्ताची पिशवी! पित्ताची!"

बाईंनी हात काढून घेतला. "अगं, मग आधी विशेषण लावावं ना!"

*

हा खुलासा कमळामावशींपर्यंत पोचलाच नाही.

ऑपरेशनआधी पोट दुखेल या भीतीने मी वर्षभर जेमतेम जेवत होते. ऑपरेशननंतर भूक आली, "अशक्तपणा आलाय हो" म्हणत खाऊ घालणारेही आले. सहा किलो वाढले. शिवाय पोट फुगायचं ते वेगळंच. सकाळी नीट खोचलेल्या निऱ्या दुपारी सुटू पाहायच्या.

एक दिवस मावशी माझ्या पोटाकडे बघत राहिल्या. मग हळूच विचारलं, "किती महिने झाले, बाई?"

मला वाटलं ऑपरेशनला. म्हटलं, "तीन."

मावशींचा खराटा थांबला. "पिशवी काढून दिवस गेले? मंग त्या डॉक्टरनं काढला तरी काय!"

स्टाफरूममध्ये सगळ्या हसल्या. मीही हसले. घरी येऊन मात्र कपाटाच्या आरशासमोर एकदा समोरून, एकदा बाजूने, बराच वेळ उभी राहिले.

*

दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे गेले. "डॉक्टर, एक अवयव कमी झाला. मग वजन वाढलं कसं?"

त्यांनी काट्याकडे बघितलं. "ताई, ती पिशवी मूठभरसुद्धा नव्हती. बाकीचं तुमचं!"

मग समजावून सांगितलं. पित्त साठवायची टाकी काढली, आता पाइप थेट जोडलाय. जेवण असो-नसो, थेंबथेंब गळत राहणार. एकदम तेलकट, तुपकट गेलं की पोट गोंधळतं. थोडं थोडं खा, चार-पाच वेळा खा, रोज चाला. बहुतेकांचं हळूहळू सुरळीत होतं. त्रास वाढला तर या. तोवर वहीत लिहा, काय खाल्लं आणि काय झालं.

"आणि उपाशी राहू नका," हे त्यांनी दोनदा सांगितलं. मी वहीचंच तेवढं लक्षात ठेवलं. शिक्षिका ना! लाल पेनने रकाने आखले. 'काय खाल्लं', 'किती', 'त्रास'.

*

सासूबाईंचा माझ्यावर जीव आहे, आणि नारळावरही. आमच्या वाडीत माडच माड. मी म्हटलं, "आई, नारळ थोडा कमी घालूया का? डॉक्टर म्हणाले, तेलकट नको."

"नारळ कुठे तेलकट असतो? आणि हा तर आपल्या झाडाचा!"

एवढं बोलून त्यांनी सुक्या खोबऱ्याची गोणी बांधली आणि घाण्यावर पाठवली. तेल काढायला.

*

चालायला मला सोबत लागते. नाझनीन आमच्या शाळेत गणित शिकवते. तिच्या अब्बांचंही पित्ताशय काढलेलं, त्यामुळे स्टाफरूममध्ये विशेषणाशिवाय समजून घेणारी ती एकटीच. शाळा सुटल्यावर आम्ही किनाऱ्यावर चालतो.

पहिल्या दिवशी मी मुठी आवळून, पोट आवळून, चेहरासुद्धा आवळून चालत होते. पोटात साठलेली हवा चालल्यावर कुठे जाते, हे मी सांगायला नको.

नाझनीन थोडा वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "अगं, अब्बा पण इथेच चालायचे. बागेत नाही."

"का?"

"इथे लाटांचा आवाज असतो!"

त्या दिवशी मी कितीतरी महिन्यांनी मोकळी झाले. सर्वार्थाने!

*

पण वहीने मला धरलं होतं. 'अर्धी पोळी, जडपणा.' 'पाव वाटी आमटी, फुगलं.' काय खाल्लं तो रकाना रिकामा होत गेला आणि त्रासाचा भरत गेला. आपण काळजी घेतोय की नुसतं घाबरतोय, हे मला कळत नव्हतं. एवढं शिकून!

आणि मग रेवाचा डबा भरलेला परत यायला लागला. रेवा माझी मुलगी, पहिलीत आहे. एक दिवस, दोन दिवस, चार दिवस. घरीही दोन घास खाऊन ताट सरकवायची. विचारलं तर म्हणाली, "मला पण फुगतंय."

माझ्या वहीत यासाठी रकानाच नव्हता.

रविवारी सकाळी सासूबाईंनी तांदळाची घावनं केली, बरोबर नारळाचा गोड रस. रेवाने ताटलीला हातही लावला नाही. मी तिला मांडीवर घेतलं. "खरं सांग, दुखतंय का?"

तिने नाही म्हणून मान हलवली. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "खूप खाल्लं की पिशवी भरते ना? मग डॉक्टर काढतात. माझी पण काढली तर मी जेवण ठेवू कुठे?" आणि मग, "तू कुठे ठेवतेस? म्हणून जेवत नाहीस का?"

पित्त, पित्ताशय, जठर... सगळा पाठ माझ्या ओठांवर आला होता. मी तो गिळला आणि ताटली पुढे ओढली. एक घावन खाल्लं. सावकाश, दोन चमचे रस घालून. मग दुसरं.

रेवाने माझा प्रत्येक घास मोजला. मग मांडीवरून उतरली, माझ्या पोटाला कान लावला आणि बराच वेळ तशीच ऐकत बसली. आत नेहमीची गुरगुर चालू होती.

ती एकदम ताठ झाली आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडली, "आजी! आईकडे अजून एक पिशवी आहे! वाजतेय! मला तीन वाढ!"